बॅटरी पुरेना, नेट टिकेना: लिनक्सवाल्या वाचकांचे प्रश्न

विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला अन् तेव्हापासून आमच्याकडं येणाऱ्या प्रश्नांचा रंगच बदललाय. लॅपटॉप जुना पण धडधाकट, टाकून द्यायला जीव होत नाही, नवा घ्यायला पैसे नाहीत, मग कुणाकडून तरी पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट नाहीतर उबुंटू आणून विंडोजच्या जागी टाकलं, आणि आता "चालू तर झालं, पण बॅटरीचं अन् नेटचं काय" अशी पत्रं. यावेळी तेवढेच प्रश्न घेतलेत. एक सूचना आधीच देतो, कमांड इथं देवनागरीत छापल्यात, टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) टाकताना इंग्रजी छोट्या लिपीत टाका, मोठी अक्षरं लागतात तिथं तसं सांगितलंय. 'सुडो'नं सुरू होणारी कमांड पासवर्ड मागते अन् तो टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, कीबोर्ड गेला म्हणून घाबरू नका.

प्रश्न: सर नमस्कार, मी जिल्हा परिषद शाळेवर शिक्षक आहे. सेकंडहँड लॅपटॉप घेऊन त्यावर लिनक्स मिंट टाकलं. बॅटरी दीड तासात संपायलीय. व्हिडिओ बघून बघून बॅटरी वाचवायची सॉफ्टवेअरं टाकली, आधी टीएलपी टाकलं, मग पॉवरटॉप, मग ऑटो-सीपीयूफ्रेक पण टाकलं, तरी फरक पडेना गेलाय, उलट माउस मधूनच झोपायलाय, दोनदा हलवला की मग जागा होतो. काय करावं?
(एक शिक्षक, माजलगाव)

उत्तर: सर, एका बैलगाडीवर तीन गाडीवान बसवलेत तुम्ही, एक कासरा ओढतो अन् दुसरा सोडतो. टीएलपी अन् ऑटो-सीपीयूफ्रेक दोन्ही प्रोसेसरचा वेग, टर्बो वगैरे आपापल्या मतानं ठरवतात, त्यात उबुंटूत अन् नव्या मिंटात पॉवर-प्रोफाइल्स-डेमन नावाचं अजून एक आधीच बसलेलं असतं, तेच ते, बॅटरीच्या चिन्हापाशी पॉवर सेव्हर, बॅलन्स्ड, परफॉर्मन्स असे पर्याय दाखवणारं. या सगळ्यांपैकी शेवटी कुणाचं ऐकलं जातंय हे मग तुम्हालाही कळत नाही अन् लॅपटॉपलाही.

पण कुणाला काढायचं ते ठरवायच्या आधी मोजा. टर्मिनल उघडून 'यूपॉवर', मग स्पेस, मग हायफन अन् डी, एवढं टाका. लांबलचक यादी येते, त्यातल्या बॅटरीच्या भागात तीन ओळी बघायच्या. एनर्जी-फुल-डिझाइन म्हणजे बॅटरी नवी असताना किती मावत होतं, एनर्जी-फुल म्हणजे आज किती मावतंय, आणि एनर्जी-रेट म्हणजे आत्ता या क्षणाला लॅपटॉप किती वॅट खातोय (ही ओळ चार्जर काढून बघा, नाहीतर चार्जिंगचा आकडा दिसेल). समजा डिझाइन 48 वॅट-अवर निघालं, आजचं फुल 20 अन् रेट 13, तर 20 भागिले 13, दीड तास. म्हणजे लिनक्सनं काही बिघडवलेलं नाही, बॅटरीच निम्म्याच्या वर मेलेली आहे अन् सेकंडहँड लॅपटॉपमध्ये हे नेहमीचंच. आता वापर 13 वरून 8 वॅटवर आणला तर त्याच बॅटरीत अडीच तास निघतील, त्याच्या पुढं कुठलंच सॉफ्टवेअर नेऊ शकत नाही, व्हिडिओवाला काहीही म्हणो.

13 चे 8 कसे करायचे? सगळ्यात मोठा घास स्क्रीनच्या उजेडाचा, तो वर्गात निम्म्यावर आणला तरी दिसतं. दुसरा ब्राउझर, वीस टॅब उघडे अन् एकात व्हिडिओ चालू असला की प्रोसेसर बसतच नाही. तिसरं, लॅपटॉपला वेगळं एनव्हीडियाचं ग्राफिक कार्ड असेल अन् त्याचा ड्रायव्हर टाकलेला असेल तर 'सुडो प्राइम-सिलेक्ट इंटेल' टाकून रीस्टार्ट करा, ते कार्ड नुसतं जागं असलं तरी बरेच वॅट खातं. शाळेच्या कामाला त्याची गरज नाही, कधी लागलंच तर इंटेलच्या जागी 'ऑन-डिमांड' लिहून परत आणता येतं.

आता माउस. तो पॉवरटॉपच्या ऑटो-ट्यूनचा प्रताप. ते सरसकट सगळ्या यूएसबी वस्तूंना झोपायला लावतं, त्यात माउस पण आला. खरंतर ऑटो-ट्यून रीस्टार्ट केल्यावर टिकत नाही, तुमचं टिकतंय म्हणजे व्हिडिओ बघून त्याची सर्व्हिस पण चालू केलेली असणार, ती 'सुडो सिस्टिमसीटीएल डिसेबल पॉवरटॉप' म्हणून बंद करा अन् रीस्टार्ट मारा. पॉवरटॉप वाईट नाही, कोण किती खातंय ते बघायला ते ठेवाच, फक्त त्याच्या हातात कारभार देऊ नका. टीएलपी पण यूएसबीला झोपवतं, पण माउस-कीबोर्ड आपणहून वगळतं.

ऑटो-सीपीयूफ्रेक तर काढाच, 'सुडो ऑटो-सीपीयूफ्रेक' अन् पुढं दोन हायफन लावून 'रिमूव्ह'. राहिलं टीएलपी की पॉवर-प्रोफाइल्स. माझं मत विचाराल तर ज्याला चार्जिंग 80 टक्क्यांवर अडवायचंय त्यानं टीएलपी ठेवावं, बाकीच्यांनी आधीपासून आहे तेच राहू द्यावं अन् बॅटरीवर असताना पॉवर सेव्हर निवडावं. दोन्ही एकत्र नकोत. आणि सर, आजचं फुल डिझाइनच्या निम्म्याखाली असेल तर बॅटरी बदलायचे पैसे बाजूला काढा.

प्रश्न: दादा, माझं फोटो अन् झेरॉक्सचं दुकान आहे, लॅपटॉप सकाळपासून रात्रीपर्यंत चार्जरलाच असतो, वर पत्रे. बॅटरी खराब होऊ नये म्हणून उबुंटूत काही सेटिंग असतं का? आणखी एक, आजकाल टचपॅड दाबला की दबेना गेलाय, एका बाजूनं थोडा वर आल्यासारखा वाटतो.
(दुकानदार ताई, परभणी)

उत्तर: ताई, तुमचा दुसरा प्रश्न आधी, कारण तोच मोठा आहे. टचपॅड वर येणं हे बहुतेक वेळा खालची बॅटरी फुगल्याचं लक्षण असतं. आजच लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, टचपॅड दाबून परत बसवायचा प्रयत्न करू नका अन् दुरुस्तीवाल्याकडून बॅटरी काढून घ्या. फुगलेली बॅटरी टोचली, वाकली की पेट घेऊ शकते. घरी उघडू नका, कचऱ्यात टाकू नका. बॅटरी काढून नुसत्या चार्जरवर चालणारा लॅपटॉप असेल तर नवी येईपर्यंत तसाच वापरता येतो, फक्त लाइट गेली की तोही जाईल, तेव्हा इन्व्हर्टरवर घ्या.

नवी बसवल्यावर मात्र सेटिंग कराच. लिथियम बॅटरीला दोन गोष्टी बाधतात, सतत 100 टक्के भरून राहणं अन् उष्णता, आणि परभणीच्या मे महिन्यात पत्र्याखाली या दोन्ही एकदमच मिळतात. चार्जिंग 80 वर अडवता येतं, पण लॅपटॉपच्या हार्डवेअरनं साथ दिली तरच. उबुंटू 25.04 किंवा पुढचं असेल तर सेटिंग्जमध्ये पॉवर उघडा, लॅपटॉपला सोय असेल तर बॅटरी चार्जिंगखाली 'प्रिझर्व्ह बॅटरी हेल्थ' असा पर्याय दिसतो, तेवढा निवडला की झालं, टीएलपी पण नको. केडीई प्लाझ्मा नावाचा दुसरा डेस्कटॉप असेल तर त्यात पण पॉवरच्या सेटिंगमध्येच आकडा टाकता येतो.

जुन्या उबुंटूवर टीएलपी टाकून 'सुडो टीएलपी-स्टॅट' पुढं हायफन बी टाका, तुमच्या बॅटरीला ही सोय आहे की नाही ते स्पष्ट लिहून येतं. असेल तर ईटीसी फोल्डरमधल्या टीएलपी डॉट कॉन्फ फाइलमध्ये स्टार्ट-चार्ज-थ्रेश अन् स्टॉप-चार्ज-थ्रेश अशा दोन ओळी सापडतील, ओळीच्या सुरुवातीचं हॅशचं (#) चिन्ह काढून पहिलीला 75 अन् दुसरीला 80 लिहा. लेनोवोच्या थिंकपॅडला हे मस्त चालतं. त्यांच्याच आयडियापॅडचं गणित वेगळं, तिथं टक्के आपल्या हातात नसतात, नुसतं चालू-बंद असतं, म्हणून स्टॉपच्या ओळीत 80 नाही तर 1 लिहायचा, मग कंपनीनं ठरवलेल्या मर्यादेला ते आपोआप थांबतं. काहीच सोय दिसली नाही तर लॅपटॉप सुरू होताना बायोसमध्ये (लॅपटॉपच्या स्वतःच्या सेटिंगच्या पानात) जाऊन बघा, काही कंपन्या ती तिथंच ठेवतात.

आता तुम्ही म्हणाल लाइट जायच्या दिवशी 80 टक्के पुरत नाही. महावितरणचा मेसेज आला की उद्या दुरुस्तीसाठी लाइट नाही, तर आदल्या रात्री (टीएलपी टाकलेलं असेल तर) 'सुडो टीएलपी फुलचार्ज' टाका, त्या वेळेपुरती 100 भरते अन् पुढच्या रीस्टार्टनंतर परत 80 चा नियम लागू. लॅपटॉपची खालची जाळी मोकळी ठेवा तेवढी, गठ्ठ्यावर नाहीतर गादीवर ठेवून चालवू नका.

प्रश्न: वायफायच दिसेना झालंय, यादीत एकपण नाव येत नाही. काल लेकरानं कीबोर्ड बडवला होता.
(गृहिणी, हिंगोली)

उत्तर: लेकरानं विमानाच्या चिन्हाचं बटण दाबलं असणार. एकदा परत दाबा, लागलं तर एफएन धरून दाबा. तरी नाही झालं तर टर्मिनलमध्ये 'आरएफकिल लिस्ट' टाका. सॉफ्ट ब्लॉक्डपुढं येस असेल तर 'आरएफकिल अनब्लॉक ऑल', हार्ड ब्लॉक्डपुढं येस असेल तर लॅपटॉपच्या कडेला बारीक सरकतं बटण शोधा, जुन्या मॉडेलला असतं.

प्रश्न: सर, मी रोज एसटीनं उदगीरहून लातूरला अप-डाउन करतो. रात्री झाकण लावून लॅपटॉप बॅगेत ठेवला तर सकाळी बॅटरी 30 टक्क्यांवर, एकदा तर बॅग गरम लागली. विंडोजमध्ये पण व्हायचं पण लिनक्समध्ये तरी नको ना. झोपला असताना एवढं काय खातो हा?
(इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, उदगीर)

उत्तर: तो झोपलेलाच नसतो भाऊ, डोळे मिटून पडलेला असतो. झोपेचे दोन प्रकार आहेत. जुन्या पद्धतीत, जिला एस-थ्री म्हणतात, फक्त रॅमला थोडी वीज मिळते अन् बाकी सगळं बंद. नव्या लॅपटॉपांमध्ये एस-टू-आयडल नावाची पद्धत येते, मोबाइलसारखं लगेच जागं व्हावं म्हणून, त्यात प्रोसेसर आतून जागा राहू शकतो अन् एखादा ड्रायव्हर अडून बसला की रात्रभर बॅटरी गळते. विंडोजमध्ये पण व्हायचं ते म्हणूनच, दोष निम्मा हार्डवेअरचा आहे.

तुमच्याकडं कोणता प्रकार आहे ते बघायला 'कॅट' टाकून पुढं स्लॅश एसवायएस, स्लॅश पॉवर, स्लॅश मेम-अंडरस्कोर-स्लीप ही फाइल वाचा. चौकोनी कंसात जे असेल ते सध्या चालू. 'डीप' हा शब्द यादीत आहे पण कंसात नाही, असं असेल तर नशीब चांगलं. ईटीसीच्या डिफॉल्ट फोल्डरमधल्या ग्रब फाइलमध्ये ग्रब-सीएमडीलाइन-लिनक्स-डिफॉल्टची ओळ शोधा, अवतरणचिन्हाच्या आत शेवटी एक स्पेस देऊन मेम-स्लीप-डिफॉल्ट बरोबर डीप असं लिहा (शब्दांमध्ये अंडरस्कोर), फाइल सेव्ह करा, 'सुडो अपडेट-ग्रब' अन् रीस्टार्ट. मग एक रात्र ठेवून बघा. सकाळी जागा होताना स्क्रीन काळीच राहिली किंवा टचपॅड हरवला तर तोच शब्द काढून टाका, काही लॅपटॉपांना डीप झेपत नाही.

'डीप' यादीतच नसेल तर मग त्या लॅपटॉपला ती झोप कंपनीनं दिलेलीच नाही, नेटवर शोधत बसू नका. हायबरनेट हा एक रस्ता असतो, त्यात सगळं डिस्कवर उतरवून लॅपटॉप पूर्ण बंद होतो, पण त्याला डिस्कवर रॅमएवढी स्वॅप जागा लागते, उबुंटूत ते आधीपासून बंद असतं अन् सिक्युअर बूट चालू असेल तर कर्नलच, म्हणजे लिनक्सचा गाभाच, नाही म्हणतं. एवढी खटपट एसटीच्या प्रवासासाठी करण्यापेक्षा रात्री सरळ शटडाउन करा. एसएसडी असेल तर चालू व्हायला कितीसा वेळ लागतो. बॅगेत गरम होणं मात्र मनावर घ्या, बंद बॅगेत हवा नाही, बॅटरीचं आयुष्य तिथंच जातं.

प्रश्न: आमच्या तांड्यावर फायबर नाही, मोबाइलच्या हॉटस्पॉटवरच सगळं. रोजचा दीड जीबीचा पॅक, उबुंटू टाकल्यापासून सकाळी लॅपटॉप जोडला की दहा वाजेपर्यंत 100 टक्के डेटा संपल्याचा मेसेज. मी तर नुसतं पीडीएफ वाचायलोय. काहून जातो डेटा?
(स्पर्धा परीक्षेचा उमेदवार, किनवट)

उत्तर: डेटा उबुंटू खातंय, तेही तुमच्या भल्यासाठीच. त्याला वाटतं की तुम्ही ऑफिसच्या फुकट वायफायवर बसलाय, म्हणून ते मागच्या मागं अपडेट ओढत राहतं. त्याला सांगावं लागतं की भाऊ हे नेट मापाचं आहे.

सेटिंग्जमध्ये वायफाय, तुमच्या हॉटस्पॉटच्या नावापुढचं चक्र, तिथं खाली 'मीटर्ड कनेक्शन' असा पर्याय आहे, तो चालू करा. मिंटवाल्यांनी नेटवर्क कनेक्शन्समध्ये त्या नावावर डबल क्लिक करून जनरलच्या पानावर मीटर्ड कनेक्शनला येस करावं. अँड्रॉइडचे हॉटस्पॉट जोडताना एक खूण पाठवतात की मी मोबाइलचं नेट आहे, अन् लिनक्सचा नेटवर्कमॅनेजर ती ओळखून अंदाज बांधतो, पण अंदाजावर विसंबू नका, स्वतः येस करा. आणि हे सेटिंग त्या एका नावापुरतं असतं. घरच्या दुसऱ्या मोबाइलचा हॉटस्पॉट घेतला की त्यालाही करा. यूएसबीच्या वायरनं टेदरिंग केलं तर ते लॅपटॉपला वायफाय न दिसता वायर्ड म्हणून दिसतं, तिथंही वेगळं करा.

एवढं केल्यावर उबुंटूचे आपोआप होणारे सुरक्षा अपडेट थांबतात. पण स्नॅप, म्हणजे उबुंटूची ॲप टाकायची अन् अपडेट करायची वेगळी पद्धत, थांबत नाही, अन् तेच जाडजूड असतं, फायरफॉक्स स्वतःच स्नॅपमध्ये येतं. त्याला वेगळं सांगायचं: 'सुडो स्नॅप सेट सिस्टिम रिफ्रेश डॉट मीटर्ड बरोबर होल्ड', इथं रिफ्रेशपासून होल्डपर्यंत मध्ये स्पेस नाही अन् 'डॉट' म्हणजे टिंब, 'बरोबर' म्हणजे बरोबरचं चिन्ह. यानंतर मीटर्ड नेटवर स्नॅप गप्प बसतं. मिंटवाल्यांना हे करायची गरज नाही, मिंटनं स्नॅप मुद्दाम बाहेर ठेवलंय, आणि खरं सांगायचं तर मर्यादित डेटावाल्या माणसाला मी मिंटच टाक म्हणतो ते याच कारणानं.

तरीही जातोय असं वाटलं तर 'सुडो एपीटी इन्स्टॉल नेटहॉग्स' करून 'सुडो नेटहॉग्स' चालवा. कोणता प्रोग्राम आत्ता किती ओढतोय ते नावासकट समोर दिसतं. बहुतेक वेळा ब्राउझर निघतो, कुठल्यातरी टॅबमध्ये आपोआप चालणारा व्हिडिओ, किंवा फोटोंचं सिंक. ब्राउझरला मीटर्डशी काही घेणंदेणं नसतं, टॅब तुम्हालाच बंद करावे लागतील.

अपडेट कायमचे मात्र बंद ठेवू नका. रात्री अकराला बघा, दिवसाचा डेटा उरलाय का. रोजचे पॅक 12 ला नवे होतात, उरलेला तसाही जाणारच असतो, तेव्हा 'सुडो एपीटी अपडेट' अन् मग 'सुडो एपीटी अपग्रेड' करून टाका. नाहीतर महिन्यातून एकदा किनवटला नाहीतर नांदेडला कुणाच्या फायबरवर बसून सगळं एकदम.

प्रश्न: लातूरला ट्युशन एरियातल्या अभ्यासिकेत बसते. माझा लॅपटॉप तिथल्या वायफायला जोडलेला दिसतो पण पेज उघडत नाही, दहा-पंधरा सेकंदांनी एकदम उघडतं. बाजूच्या मुलीच्या विंडोज लॅपटॉपला असं काही नाही. गंमत म्हणजे चार्जर लावला की माझंही नीट चालतं. मिंट आहे, टीएलपी टाकलेलं आहे.
(नीटची विद्यार्थिनी, लातूर)

उत्तर: ताई, चार्जर लावला की नीट चालतं हे लिहिलंत म्हणून अर्धं काम झालं. वायफाय कार्डालाही झोपायची सवय लावता येते, पॉवर सेव्ह म्हणतात, दोन निरोपांच्या मध्ये ते डुलकी घेतं. काही कार्डांचे लिनक्स ड्रायव्हर ही डुलकी नीट सांभाळत नाहीत, मग पेज अडकतं. टीएलपी डिफॉल्टमध्ये चार्जरवर ही डुलकी बंद ठेवतं अन् बॅटरीवर चालू करतं, तुमचं लक्षण तंतोतंत तेच आहे. टीएलपी डॉट कॉन्फमध्ये 'वायफाय-पीडब्ल्यूआर-ऑन-बॅट' ही ओळ (मोठ्या लिपीत, मध्ये अंडरस्कोर) शोधा, पुढचा हॅश काढा, ऑनच्या जागी ऑफ करा, मग 'सुडो टीएलपी स्टार्ट'.

टीएलपी नसलेल्यांना असाच त्रास असेल तर ईटीसी, नेटवर्कमॅनेजर, कॉन्फ डॉट डी या फोल्डरमध्ये डिफॉल्ट-वायफाय-पॉवरसेव्ह-ऑन नावाची फाइल असते, त्यात 3 चा 2 करायचा. 3 म्हणजे झोप चालू, 2 म्हणजे बंद, उलटं वाटतं पण तसंच आहे. नंतर रीस्टार्ट. बॅटरीवर याचा फरक अगदी थोडा पडतो, स्क्रीन एक पायरी कमी केली की भरून निघतो.

हे करूनही संध्याकाळच्या गर्दीत अडकलं तर ते तुमच्या लॅपटॉपचं नाही. त्या गल्लीत प्रत्येक मजल्यावर राउटर अन् सगळे 2.4 गिगाहर्ट्झवर, त्या बँडमध्ये एकमेकांना न अडवणारे चॅनेल तीनच, 1, 6 अन् 11. अभ्यासिकेच्या राउटरला 5 गिगाहर्ट्झ असेल तर नेटवर्क कनेक्शन्समध्ये वायफायच्या पानावर बँडला ए निवडा. मात्र राउटर दोन भिंतीपलीकडं असेल तर 5 पोचत नाही, मग आधीचंच बरं.

प्रश्न: जुना लॅपटॉप झाकण लावून शाळेच्या लायब्ररीत सर्व्हर म्हणून ठेवायचाय. झाकण लावलं की झोपतो. (औसा)

उत्तर: ईटीसी, सिस्टिमडी, लॉगिनडी डॉट कॉन्फ. त्यात हँडल-लिड-स्विच (मध्ये हायफन नाही, एच, एल अन् एस मोठे) याच्यापुढं इग्नोर लिहा, हॅश काढा, रीस्टार्ट. मिंट-उबुंटूचा डेस्कटॉप चालू असेल तर पॉवरच्या सेटिंगमध्ये पण झाकणाचा पर्याय बघा, नाहीतर एकीकडं बदललं अन् दुसरीकडं राहिलं असं होतं. काही लॅपटॉपांची गरम हवा कीबोर्डमधून वर निघते, त्यांचं झाकण थोडं उघडंच ठेवा.

प्रश्न: माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं सेंटर आहे. फायबर आहे ते वायरनं लॅपटॉपला, अन् बॅकअप म्हणून मोबाइल यूएसबीनं जोडून ठेवतो. फायबर रोज कुठंतरी तुटतं. तुटल्यावर मोबाइलचं नेट चालू असूनही काही उघडत नाही, फायबरची वायर काढली की लगेच चालतं. गिऱ्हाईक समोर बसलेलं, शेवटची तारीख, अन् मी टेबलाखाली वायर शोधायलोय. आपोआप होईल असं करा.
(सेंटरचालक, जिंतूर)

उत्तर: भाऊ, लॅपटॉपच्या दृष्टीनं फायबर तुटलेलंच नसतं. त्याची वायर राउटरला जोडलेली आहे, राउटर चालू आहे, दिवा लागतोय, मग तो म्हणतो रस्ता आहे. रस्ता पुढं गावाबाहेर बंद आहे हे त्याला कळत नाही.

दोन रस्ते असले की लिनक्स मेट्रिक नावाचा आकडा बघून निवडतं, आकडा जेवढा लहान तेवढा मान जास्त. नेटवर्कमॅनेजर वायरला 100 देतो, वायफायला 600. तुमची भानगड अशी की यूएसबीनं जोडलेला मोबाइल पण त्याला वायरच वाटतो, म्हणून दोघांत फरक एखाद्याच आकड्याचा राहतो अन् कोण पुढं राहील याचा भरवसा नाही. टर्मिनलमध्ये 'आयपी राउट' टाका, डिफॉल्टनं सुरू होणाऱ्या दोन ओळी दिसतील, शेवटी मेट्रिक.

पहिलं काम, क्रम पक्का करा. 'एनएमसीएलआय कनेक्शन शो' टाकून दोन्ही कनेक्शनची नावं बघा, मोबाइलचं कोणतं ते डिव्हाइसच्या रकान्यावरून कळतं. मग 'एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय', पुढं अवतरणचिन्हात मोबाइलवाल्याचं नाव, पुढं 'आयपीव्ही4 डॉट राउट-मेट्रिक 700'. आयपीव्ही6 साठी पण तसंच करा, हे बहुतेक लोक विसरतात अन् मग अर्ध्या साइट मोबाइलवरून चालतात. नंतर ते कनेक्शन एकदा बंद-चालू करा. आता फायबर असेल तोवर मोबाइलचा डेटा जाणार नाही.

दुसरं काम, रस्ता पुढं बंद आहे हे लॅपटॉपला कळवणं. नेटवर्कमॅनेजरमध्ये ही सोय आहे, ठराविक वेळानं तो एक छोटं पान उघडून बघतो, उघडलं नाही तर त्या रस्त्याच्या मेट्रिकमध्ये 20000 मिळवतो. म्हणजे 100 चे 20100 झाले, मोबाइलचा 700 लहान ठरला अन् गाडी आपोआप मोबाइलवर. उबुंटू डेस्कटॉपवर ही तपासणी चालू असते, डेबियनवर नेटवर्क-मॅनेजर-कॉन्फिग-कनेक्टिव्हिटी-डेबियन हे पॅकेज टाकावं लागतं. 'एनएमसीएलआय नेटवर्किंग कनेक्टिव्हिटी चेक' टाकून बघा, फायबर तुटलेलं असताना अन् मोबाइल काढून ठेवलेला असताना त्यानं फुल सोडून दुसरं काही म्हणायला पाहिजे. फक्त तपासणी साधारण पाच मिनिटांनी एकदा होते, तेवढं थांबायला गिऱ्हाईकाला वेळ नसेल तर ही कमांड टाकली की तो तेव्हाच तपासतो. तीही नको वाटली तर नेटच्या चिन्हावर क्लिक करून फायबरचं कनेक्शन डिस्कनेक्ट करा, टेबलाखाली जायची गरज नाही.

एक सांभाळा, नेट बदललं की तुमचा आयपी (नेटवरचा पत्ता) बदलतो, त्यामुळं सरकारी पोर्टल तुम्हाला बाहेर काढू शकतं अन् अर्धा भरलेला फॉर्म जातो. पेमेंटच्या पानावर असताना तर अजिबात बदलू देऊ नका, आधी पैसे कापले गेलेत का ते बघा.

आणि रोज तुटतं म्हणताय ते दर वेळी फायबरच असतं का हेही बघा. लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो पण फायबरची डबी अन् राउटर दोन्ही बंद पडतात, जिंतूरला लाइट किती वेळा जाते ते तुम्हाला मी काय सांगू. डबीच्या अडॅप्टरवर व्होल्ट लिहिलेले असतात, बऱ्याचदा 12, पण राउटरचे 9 पण असू शकतात, ते वाचून त्या व्होल्टचा मिनी यूपीएस घ्या, तो राउटरला काही तास ओढतो अन् मोठ्या इन्व्हर्टरवरचा भार पण वाचतो. तुटलं असं वाटलं की आधी डबीवरचा एलओएस लिहिलेला लाल दिवा बघा. तो लागला असेल तर खरंच फायबर तुटलंय, तक्रार नोंदवा. नसेल तर डबी अन् राउटर बंद करून परत चालू करा.